सैद्धांतिक भौतिकशास्त्रातली पहिली संधी: यादी खालून वर वाचायची

सैद्धांतिक भौतिकशास्त्रात यायचं ठरवलेले बरेच विद्यार्थी सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतात. पुरस्कारांची यादी काढून बसतात. डिरॅक पदक, साकुराई पारितोषिक, ब्रेकथ्रू पारितोषिक. मग प्रत्येक नावापुढे 'अर्ज कसा करावा' हे शोधू लागतात, आणि हाती काही लागत नाही. लागणार कसं? या पुरस्कारांसाठी अर्ज नसतोच. दुसरं कुणीतरी तुमचं नाव सुचवतं, समिती बसते, आणि तुमच्या कानावर येतं तेव्हा निकाल लागलेला असतो.

स्ट्रिंग थिअरीतले भारतीय भौतिकशास्त्रज्ञ अशोक सेन यांचंच पाहा. १९८९ साली आयसीटीपी (इटलीतलं आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्र) पारितोषिक, २०१२ साली फंडामेंटल फिजिक्स पारितोषिकाच्या पहिल्या नऊ मानकऱ्यांत नाव (प्रत्येकी तीस लाख डॉलर), २०१४ साली डिरॅक पदक. वरून वाचलं तर नुसता पदकांचा जिना. खालून वाचायला घेतलं की आधी १९८२ची स्टोनी ब्रूकची पीएचडी दिसते, मग अमेरिकेतल्याच फर्मिलॅब प्रयोगशाळेतली पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन नोकरीची) तीन वर्षं, मग स्लॅक प्रयोगशाळेतली तीन. नवख्या माणसाने शिकायचं ते या खालच्या भागातून, कारण तिथल्या प्रत्येक पायरीसाठी अर्ज करता येतो. म्हणून हा लेख यादी खालून वर वाचतो. पुरस्कार शेवटी येतील.

आधी घड्याळ बघा

या क्षेत्रात तुमचं वय कमी वेळा विचारतात, पीएचडी मिळाल्याची तारीख जास्त वेळा विचारतात. युरोपातल्या मेरी स्कोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा जास्त चालत नाही. जर्मनीच्या हुम्बोल्ट फाउंडेशनच्या पोस्टडॉक फेलोशिपला पीएचडी होऊन चार वर्षं उलटलेली नसावी लागतात. आययूपॅप ही भौतिकशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना तरुण संशोधकांना जे पारितोषिक देते, त्याची मर्यादाही पीएचडीनंतर आठ वर्षं. मात्र बाळंतपण, आजारपण, सक्तीची लष्करी सेवा यांसारखे खंड त्यातून वजा होतात. हे खंड लपवू नका. नियमात जागा असते, ती वापरायची असते.

वयाची अट अजिबात नाही असंही नाही. युरोपियन फिजिकल सोसायटीचं ग्रिबॉव्ह पदक पस्तिशीच्या आतल्यांसाठी आहे.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. पीएचडीची पदवी घाईने पदरात पाडून घेतली की घड्याळ सुरू होतं. शेवटचा चांगला शोधनिबंध पूर्ण व्हायला सहा महिने लागणार असतील आणि विद्यावेतन चालू असेल, तर ते सहा महिने पीएचडीच्या आतच काढलेले बरे.

पदवीच्या वर्षांत: एक हिशोब पूर्ण करा

'मला स्ट्रिंग थिअरीत रस आहे' हे वाक्य प्राध्यापकांना इतक्या वेळा ऐकायला मिळतं की त्यातून काही कळत नाही. रस सगळ्यांनाच असतो. तुम्ही एखादा हिशोब सुरुवातीपासून शेवटापर्यंत नेऊ शकता का, एवढंच त्यांना बघायचं असतं.

म्हणून पहिला प्रकल्प असा घ्या, ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे. दोन उदाहरणं देतो. द्विमितीय आयझिंग मॉडेलचं (चुंबकाचं सोपं गणिती प्रारूप) संगणकावर माँटे कार्लो (यादृच्छिक नमुने घेऊन हिशोब) करा आणि क्रांतिक तापमान, म्हणजे जिथे चुंबकत्व नाहीसं होतं ते तापमान, काढा. ऑनसागरने १९४४ साली हे मॉडेल अचूक सोडवलं आहे. चौरस जाळीवर, शेजाऱ्यांमधल्या जोडणीच्या एककात, उत्तर साधारण २.२६९ यायला हवं. तुमचं २.४ आलं तर जाळी लहान आहे किंवा नमुने पुरेसे स्वतंत्र नाहीत, आणि हे का झालं ते शोधण्यातच प्रकल्पाचा खरा अभ्यास आहे. दुसरं, क्वांटम दोलकात स्थितीच्या चौथ्या घाताचं पद मिसळून मूलस्थितीची ऊर्जा विक्षोभ पद्धतीने (मिसळलेलं पद लहान मानून त्याच्या घातांची मालिका मांडत) काढत जा. पहिली दोनतीन पदं सुधारणा करतात, पुढे मालिका उधळते. बेंडर आणि वू यांनी १९६९ साली ही उधळण नेमकी कशी होते ते दाखवलं. वीसेक गुणांक स्वतः काढा, मग पाडे पद्धतीने (मालिकेऐवजी दोन बहुपदींचा भागाकार वापरून) त्यातून पुन्हा शहाणं उत्तर येतं का बघा. याला प्रयोगशाळा लागत नाही, साधा संगणक पुरतो. उत्तर ठाऊक असल्यामुळे स्वतःची फसवणूकही करता येत नाही.

हे झालं की दहा पानांचं टिपण लिहा. कुठे अडलात तेही लिहा. हे टिपण पुढची दोन वर्षं तुमच्या कामी येणार आहे.

पहिलं ईमेल

टिपण हाती आल्यावरच ईमेल. सहासात ओळी पुरतात: तुम्ही कोण, त्यांचा कुठला शोधनिबंध वाचला, त्यातल्या कुठल्या समीकरणापाशी अडलात, स्वतः काय केलं आहे (टिपण जोडा), आणि नेमकं काय हवं आहे: उन्हाळ्यातले आठ आठवडे, आठवड्यातून एक तास, की फक्त वाचनाची दिशा. 'आपल्या थोर मार्गदर्शनाखाली' वगैरे वाक्यं गाळा. ती वाचली जात नाहीत.

मी पहिल्यांदा एकच मजकूर तीसेक जणांना धाडला होता, आणि एका पत्रात आधीच्या प्राध्यापकांचं नाव तसंच राहून गेलं. पुढचं सांगायला नको.

दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. त्यानंतर पुढचं नाव. मोठ्या नावाच्या प्राध्यापकांपेक्षा त्यांच्या गटातल्या पोस्टडॉकला लिहिलेलं अनेकदा फळाला येतं, हे कुणी सांगत नाही. पोस्टडॉककडे वेळ जास्त असतो असं नाही, पण छोटा, सुटा, करून बघायचा राहिलेला हिशोब त्याच्या वहीत हमखास असतो.

समर स्कूल: व्याख्यानं घरी ऐकता येतात, माणसं नाही

१९५१ साली सेसिल मोरेट (पुढे डिविट-मोरेट) या तरुण फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी आल्प्समध्ये, लेझ ऊश इथे, डोंगरातल्या लाकडी घरांत उन्हाळी शाळा सुरू केली. युद्धानंतरच्या फ्रान्समध्ये आधुनिक क्वांटम भौतिकशास्त्र शिकवायला पुरेशी माणसं नव्हती, म्हणून त्यांनी माणसंच डोंगरात बोलावली. तिथे विद्यार्थी म्हणून बसलेल्यांत पुढे नोबेल मिळवलेले द जेन आणि कोएन-तानूजी होते. शाळा आजही चालते, आणि तिचा साचा जगभर उचलला गेला: कोलोरॅडोत बोल्डरला टासी, कॉर्सिका बेटावर कार्जेझ, इटलीत ट्रिएस्टेच्या आयसीटीपीमधल्या शाळा.

बहुतेक प्रगत शाळा पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी असतात. पदवीच्या दुसऱ्या वर्षी टासीला अर्ज करून उपयोग नाही. पण टासीची व्याख्यानं टिपणांच्या रूपात अर्काइव्ह या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर मोफत मिळतात आणि ती शिकणाऱ्यासाठीच लिहिलेली असतात, त्यामुळे सुट्ट्या शोधनिबंधांपेक्षा आधी ती वाचा. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळे दरवाजे आहेत: कॅनडातल्या वॉटर्लूच्या पेरिमीटर इन्स्टिट्यूटचे उन्हाळी कार्यक्रम, बंगळुरूच्या आयसीटीएस या संशोधन संस्थेचे उन्हाळी प्रकल्प, सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेचा समर स्टुडंट कार्यक्रम (तो मुख्यतः प्रायोगिक आहे, पण थिअरीची व्याख्यानंही असतात).

अर्जात 'आर्थिक मदत हवी का' असा रकाना असेल तर संकोचाने तो रिकामा सोडू नका. विशेषतः आयसीटीपीसारख्या संस्थेत. अब्दुस सलाम यांनी १९६४ साली ती काढली तीच विकसनशील देशांतल्या, एकट्या पडलेल्या भौतिकशास्त्रज्ञांसाठी. मदत मागणं तिथे अपवाद नाही, नियम आहे.

निवड झाल्यावर काय करायचं? पोस्टर नेता येत असेल तर न्या. विद्यार्थ्यांना पाचदहा मिनिटं बोलायची संधी असेल तर नाव आधी नोंदवा, कारण जागा पहिल्याच दिवशी भरतात. व्याख्यानानंतर फळ्यापाशी घोळका जमतो. त्यात एखादा नेमका, तयारीने आणलेला प्रश्न विचारा. आणि बरोबरीच्या विद्यार्थ्यांशी दोस्ती करा. नामवंतांना भेटण्यापेक्षा हे महत्त्वाचं. दहा वर्षांनी तुमचे सहलेखक, तुमच्या निबंधांचे परीक्षक आणि नेमणूक समितीतले सदस्य त्याच बाकांवरून आलेले असतील.

एका वर्षाचे पूल

ज्यांच्या महाविद्यालयात क्वांटम फील्ड थिअरी शिकवलीच जात नाही, त्यांनी थेट पीएचडीवर उडी मारायची गरज नाही. आयसीटीपीचा पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा १९९१पासून चालतो. विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम, शिष्यवृत्तीसह. उच्च ऊर्जा भौतिकी, घन पदार्थ भौतिकी, गणित असे विभाग आणि शेवटी छोटा प्रबंध. पेरिमीटरचा पीएसआय हा मास्टर्सचा कार्यक्रम २००९पासून आहे आणि तोही साधारण वर्षभराचा. दोन्हीकडे वेग दमछाक करणारा असतो. पण वर्षाअखेर तुमच्या कामाबद्दल प्रत्यक्ष बघून लिहू शकतील अशी तीनचार माणसं तयार झालेली असतात, आणि पुढचं सगळं त्यांच्यावर उभं राहतं.

शिफारसपत्र

इथे जरा थांबतो.

कणभौतिकी, स्ट्रिंग थिअरी आणि गणिती भौतिकशास्त्रात शोधनिबंधावरची नावं सहसा वर्णानुक्रमे येतात. पहिला लेखक म्हणजे मुख्य लेखक, हा इतर शास्त्रांतला नियम इथे चालत नाही. (घन पदार्थ भौतिकीत मात्र नावांच्या क्रमाला अर्थ असतो; तिकडे वळणार असाल तर हे लक्षात ठेवा.) याचा परिणाम असा की चार जणांच्या निबंधात तुम्ही मुख्य कल्पना आणली की फक्त आलेख काढले, हे निबंध वाचून कुणालाच कळत नाही. ते सांगणारं एकच ठिकाण उरतं, शिफारसपत्र. म्हणूनच या क्षेत्रात पत्राला एवढं वजन आहे, आणि म्हणूनच चांगले गुण असलेला विद्यार्थी मागे पडतो नि साधारण गुणांचा पुढे जातो, तेव्हा कारण बहुधा पत्रात सापडतं.

कमजोर पत्र वाईट शब्दांनी ओळखू येत नाही. 'विद्यार्थी हुशार, मेहनती व नम्र आहे, वर्गात अव्वल आला' हे पत्र म्हणजे लिहिणाऱ्याने तुम्हाला काम करताना पाहिलेलं नाही. जोरकस पत्रात घटना असते: 'तिसऱ्या आठवड्यात माझ्याच जुन्या निबंधातली चिन्हाची चूक हिने काढली.' अशी घटना घडायची तर त्या माणसाबरोबर काही महिने काम करावं लागतं. शेवटच्या आठवड्यात पत्र मागून ती येत नाही.

पत्र मागताना विचारायचं असं: 'आपण माझ्या कामाबद्दल सविस्तर लिहू शकाल का?' समोरचा जरा जरी घुटमळला तर आभार मानून दुसऱ्याकडे जा. नाराजीने दिलेलं पत्र नसलेलं बरं. होकार मिळाला तर मुदतीच्या किमान चार आठवडे आधी एकाच ईमेलमध्ये सगळं द्या: कुठे कुठे अर्ज, प्रत्येकाची तारीख, तुमचा जीवनवृत्तांत, संशोधनाचं निवेदन, आणि एकत्र केलेल्या कामातल्या चारपाच आठवणी. त्या आठवणी लिहायला लाजू नका. ज्यांच्याकडे दरवर्षी पंधरा विद्यार्थी पत्रं मागतात, त्यांना तपशील आठवत नसतो. मुदतीच्या आठवडाभर आधी एक आठवण, आणि पुढे निकाल काहीही लागो, तो त्यांना कळवा.

कोणी स्वतःचं पत्र लिहून आणायला सांगितलं तर? असं होतं. शक्यतो टाळा, आणि 'मी मुद्दे देतो, मजकूर आपण लिहा' असं सुचवा. एकाच हाताने लिहिलेली तीन पत्रं समितीला लगेच ओळखू येतात.

पीएचडी आणि अर्काइव्ह

पीएचडीचे अर्ज कसे करायचे यावर भरपूर साहित्य उपलब्ध आहे. मी दोनच गोष्टी सांगतो. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार, विद्यावेतनासह आलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलच्या आत उत्तर द्यायची सक्ती करता येत नाही. कुणी मार्चमध्येच घाई करू लागलं तर हा ठराव नम्रपणे दाखवा. आणि गाईड निवडताना त्यांच्या निबंधांपेक्षा त्यांचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत ते बघा.

पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ साली सुरू केलेलं अर्काइव्ह हीच या विषयाची खरी बाजारपेठ आहे. नियतकालिकात निबंध छापून येईपर्यंत लोकांनी तो अर्काइव्हवर वाचून त्यावर पुढचं कामही केलेलं असतं. पहिल्यांदा निबंध टाकताना त्या विभागातल्या जुन्या लेखकाचं अनुमोदन लागू शकतं, त्यामुळे शेवटच्या दिवसावर ठेवू नका. निबंध टाकल्यावर एकदोन दिवसांत 'आमचा संदर्भ राहिला' अशी ईमेल येतात. त्यांनी दुखावून जाऊ नका, तुमचा निबंध कुणीतरी वाचला आहे.

पीएचडीच्या मधल्या वर्षांत एखादा मुक्काम बाहेर काढा. अमेरिकेत सांता बार्बराच्या केआयटीपी या सैद्धांतिक भौतिकीच्या संस्थेत यासाठी पदवीधर विद्यार्थ्यांच्या फेलोशिप आहेत आणि पेरिमीटरमध्येही तशी सोय आहे. तुमच्या संस्थेबाहेरच्या माणसाचं पत्र हवं असतं तेव्हा या मुक्कामाची किंमत कळते.

पोस्टडॉकचा मोसम

शेवटचं वर्ष संपायच्या वर्षभर आधी, सप्टेंबरपासूनच, जाहिराती येऊ लागतात. कणभौतिकी आणि गुरुत्वाकर्षणवाल्यांनी इन्स्पायर या कणभौतिकीच्या ऑनलाइन निबंधसूचीच्या नोकऱ्यांच्या पानावर लक्ष ठेवावं. अर्ज बऱ्याचदा अकॅडेमिक जॉब्ज ऑनलाइनवरून जातात. मुदती ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये गर्दी करतात. चाळीसपन्नास अर्ज करणं इथे नवल नाही आणि नकार येणं हे तर मुळीच नवल नाही. अनेक नकार कळवलेही जात नाहीत, नुसती शांतता असते.

पहिला प्रस्ताव आला की घाबरून हो म्हणू नका. सैद्धांतिक उच्च ऊर्जा भौतिकीतल्या अनेक संस्थांनी मिळून ठरवलं आहे की अमुक तारखेच्या आधी उमेदवाराला उत्तर द्यायला भाग पाडायचं नाही. बराच काळ ही तारीख ७ जानेवारी होती. चालू वर्षाची तारीख आणि तुमची संस्था तो करार पाळते का, हे दोन्ही पाहून घ्या.

संशोधनाच्या निवेदनाचं पहिलं पान तुमच्या विषयाबाहेरच्या भौतिकशास्त्रज्ञाला कळायला हवं. समितीत तुमच्या उपविषयाचा एखादाच असतो. 'मी काय केलं' याला अर्धी जागा, 'पुढे काय करणार' याला अर्धी, आणि पुढच्या बेतात निदान एक हिशोब असा, जो सहा महिन्यांत खरंच संपेल.

स्वतःचा निधी आणणाऱ्या फेलोशिपसाठी अर्ज यजमानासोबत, म्हणजे ज्यांच्या गटात जाणार त्या प्राध्यापकांसोबत, लिहायचा असतो. मेरी क्युरी फेलोशिपची एक अट अनेकांना उशिरा कळते: ज्या देशात जायचं आहे तिथे मुदतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त काळ राहिलेलं किंवा काम केलेलं चालत नाही. ज्या देशात पीएचडी केली तिथेच राहायचं स्वप्न या एका वाक्याने मोडतं. मुदत साधारण सप्टेंबरात असते, म्हणजे यजमानाशी बोलणं त्याआधीच्या वसंतात व्हायला हवं.

आता पुरस्कार

यांचे ढोबळ तीन प्रकार.

पहिला, ज्यात तुम्ही स्वतः भाग घेऊ शकता. ग्रॅव्हिटी रिसर्च फाउंडेशनची निबंध स्पर्धा हे त्याचं उत्तम उदाहरण. उद्योजक रॉजर बॅबसन यांना गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थ हवा होता, त्यासाठी १९४९पासून ते बक्षिसं देऊ लागले. १९५३ साली ब्राइस डिविट (लेझ ऊशच्या सेसिल यांचे पती) यांनी निबंध पाठवला तो असा पदार्थ शोधण्याची कल्पनाच खोडून काढणारा, आणि पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. पुढची कथा अधिक रंजक आहे. त्या निबंधामुळे ॲग्न्यू बानसन या दुसऱ्या उद्योजकाचं लक्ष डिविटकडे गेलं, त्याच्या मदतीने चॅपल हिलला संस्था उभी राहिली आणि १९५७ साली तिथे भरलेल्या परिषदेत गुरुत्वीय लहरी ऊर्जा वाहून नेतात का, हा वाद मार्गी लागला. १९७१चं पहिलं बक्षीस स्टीफन हॉकिंगना मिळालं. स्पर्धा अजून चालू आहे, निबंध छोटा असतो, आणि प्रवेशासाठी नामांकन लागत नाही.

दुसरा प्रकार, प्रबंधाची पारितोषिकं. अमेरिकन फिजिकल सोसायटी सैद्धांतिक कणभौतिकीतल्या उत्तम प्रबंधाला साकुराई यांच्या नावाचं वेगळं पारितोषिक देते. इतर संस्था आणि विद्यापीठांचीही असतात. इथे नाव गाईड सुचवतात, आणि ते विसरतात. प्रबंध सादर करण्याआधी लागू होणाऱ्या पारितोषिकांची यादी मुदतींसह त्यांना पाठवणं हे तुमचं काम. यात आगाऊपणा काही नाही.

तिसरा, सुरुवातीच्या वर्षांतले नामांकनाचे सन्मान. आययूपॅपच्या वेगवेगळ्या आयोगांची पारितोषिकं, ग्रिबॉव्ह पदक, ब्रेकथ्रूचं न्यू होरायझन्स पारितोषिक (एक लाख डॉलर), ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सचं मॅक्सवेल पदक, विकसनशील देशांत काम करणाऱ्या चाळिशीच्या आतल्यांसाठी आयसीटीपी पारितोषिक. मॅक्सवेल पदकाचे पहिले मानकरी १९६२ साली अब्दुस सलाम होते, नोबेलच्या सतरा वर्षं आधी. भारतीय स्ट्रिंग सिद्धांतकार शिराझ मिनवाला यांना २०१४चं न्यू होरायझन्स मिळालं. नाव सुचवणाऱ्याला दोन पानांचा मजकूर आणि काही पत्रं जुळवावी लागतात, आणि हा खटाटोप कुणी करत नाही म्हणून पात्र माणसं राहून जातात. तुम्ही स्वतःला सुचवू शकत नाही, पण विश्वासातल्या सहकाऱ्याला 'या वर्षी माझी मर्यादा संपते आहे' एवढं सांगू शकता. तसंच, पोस्टडॉक झालात की तुमच्या मागून येणाऱ्याचं नाव तुम्ही सुचवू शकता का, ते नियमात बघा.

जाता जाता, 'आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा' अशी ईमेल येऊ लागतील, पहिला निबंध अर्काइव्हवर आला की लगेचच. खरा पुरस्कार मानकऱ्याकडून पैसे घेत नाही. समितीतल्या दोन सदस्यांची नावं इन्स्पायरवर टाकून बघा. सापडली नाहीत तर ईमेल पुसून टाका. सापडली, तर त्यांनाच लिहून विचारा, कारण नावं परवानगीशिवाय वापरलेली असू शकतात.

आणि एक फाइल आजच उघडा: चार रकाने, संधीचं नाव, मुदत, घड्याळाची अट, पत्रं कोण देणार. चौथा रकाना भरता येत नाही असं ज्या ओळीत दिसेल, तिथून कामाला लागायचं.